बोधनकरांची लोड टेस्ट

प्रत्येक लग्नात एक माणूस असा असतो, ज्याच्या मांडीवर पर्स ठेवून बायका नाचायला जातात. भोपाळच्या पिपलानीतल्या मराठी मंडळींत तो माणूस म्हणजे मनोहर बोधनकर.

ही नेमणूक कुणी केली नव्हती. तीसेक वर्षांपूर्वी एका वरातीत कुणा वहिनींनी "भाऊजी, जरा धरा हो" म्हणत पर्स हातात दिली, आणि बोधनकरांनी ती अशी धरली, की बघणाऱ्या इतर चौघींनीही आपापल्या पर्स आणून दिल्या. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. टर्बाईनच्या एखाद्या भागात केसाच्या जाडीइतकी चूक सापडली तरी ते तो भाग परत पाठवायचे. अशा माणसाच्या हातून पर्स हरवणं शक्यच नव्हतं. हरवलीही नाही. उलट एका लग्नात अकरा पर्स घेतल्या आणि परत करताना बारा निघाल्या. ती बारावी, करड्या रंगाची, मोत्यांच्या झालरीची, कुणाची होती ते वीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही. बोधनकर ती दर लग्नाला सोबत नेत. न जाणो, मालकीण भेटली तर.

त्यांच्या बायकोला, कमलला, मात्र नाच म्हणजे जीव की प्राण. ढोल वाजला की तिचे खांदे आधी निघत, मग ती. सुरुवातीला ती "अहो, चला ना" म्हणायची. बोधनकर मांडीवरच्या पर्सकडे बोट दाखवायचे. पुढे तिने म्हणणं सोडलं. फक्त नाचायला जाताना एकदा मागे वळून त्यांच्या खुर्चीकडे बघायची. आपली पर्स ती सगळ्यात शेवटी देई, आणि ते बघणं पर्सबरोबर मांडीवर ठेवून जाई. बोधनकरांनी आजवर सांभाळलेल्या वस्तूंमध्ये जड अशी तेवढी एकच होती.

आणि आता मुलीचं, सायलीचं, लग्न ठरलं. मुलगा आशिष श्रीवास्तव, कोलार रोडचा. श्रीवास्तवांकडे लग्नाआधी संगीत हवंच, आणि संगीतात मुलीचे आईवडील नाचले पाहिजेत.

"बाबा," सायली म्हणाली, "माझ्या संगीतात तुम्ही खुर्चीवर बसलात ना, तर मी फेरे त्या खुर्चीभोवतीच घेईन. पर्ससकट."

"तुझी आई नाचेल की."

"आई चौतीस वर्षं एकटीच नाचतेय. यावेळी ती मागे वळून बघेल तेव्हा खुर्ची रिकामी पाहिजे. बास. तुमच्यासाठी सहा क्लास बुक केलेत. एकट्याचे, प्रायव्हेट. आईला सांगायचं नाही."

बोधनकरांनी विचारलं, "क्लास किती मिनिटांचा?"

"पंचेचाळीस."

"म्हणजे दोनशे सत्तर मिनिटं," बोधनकर म्हणाले आणि नवी फाईल काढायला उठले.

कोलार रोडवर एका टायरच्या दुकानाच्या माडीवर विनिताचा डान्स क्लास होता. विनिता चोवीस वर्षांची, जन्मापासून भोपाळची. तिच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली होती, की वेगळी करायला गेलं तर दोन्ही भाषा फुटल्या असत्या. बोधनकर पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचले. तिने दार उघडलं तेव्हा ते जिन्यात टेपने पायऱ्यांची उंची मोजत होते.

"अंकल, डान्ससाठी आलात ना?"

"हो, मॅडम. ड्रॉइंग मिळेल का?"

"कशाचं?"

"नाचाचं."

पहिला क्लास झाल्यावर बोधनकरांनी घरी बसून तक्ता केला. बुटाच्या नाड्या, चार मिनिटं. स्पीकरला फोन जोडणे, सात. मॅडमना आलेला फोन, तीन. पाणी, दोन. 'और अंकल, जेवण झालं?', एक. प्रत्यक्ष नाच, अठ्ठावीस. त्यांना झोप लागेना. कारखान्यात एवढी घट निघाली असती तर त्यांनी खातं बंद करून चौकशी लावली असती.

दुसऱ्या क्लासला ते बूट घालून, नाड्यांना दुहेरी गाठी मारून, पाणी पिऊन आणि जेवण झाल्याची चिठ्ठी खिशाला टाचून आले. स्पीकर आधीच जोडून ठेवायला लावला. शिवाय गेल्या आठवड्यात स्वतःच्या नाचात सापडलेल्या चुकांचं दोषपत्रक दोन प्रतींत आणलं होतं. त्यात ओळी होत्या: 'डावा पाय तिसऱ्या ठोक्याला उशिरा. मान वळत नाही. चेहरा रागीट, कारण अज्ञात.'

विनिताने ते वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"अंकल, माझे बाकीचे स्टुडंट्स ना, क्लासमध्ये येऊन विचारतात, मॅम, पिछली बार क्या किया था? तुम्ही पहिले आहात जे चुका घरूनच बांधून आणतात."

त्या दिवशी चव्वेचाळीस मिनिटं नाच झाला. उरलेलं एक मिनिट विनिता डोकं धरून बसली होती, पण ते बोधनकरांनी तिच्या प्रवासखर्चात धरलं.

बेत साधा होता. विनिता म्हणाली, "आंटी तर मस्त नाचतातच. तुम्ही फक्त आठ स्टेप्स करा. त्यांच्या भोवती एक चक्कर. आणि लास्टला हात पुढे करायचा. आंटी हात धरतील, गाणं खतम, तालियाँ. पण प्रॅक्टिस रोज पाहिजे हं, अंकल. नाच क्लासमध्ये फक्त समजतो. येतो तो घरीच."

घरी सरावाची अडचण होती. पहिल्याच संध्याकाळी ते फ्रिजसमोर चौथी स्टेप करत असताना कमल आत आली.

"कंबरेत चमक भरली का?"

"हो," बोधनकर म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. पुढचे तीन दिवस ते मलमाच्या वासात वावरले.

म्हणून त्यांनी सरावाची जागा बदलली. लग्नाच्या खरेदीसाठी दिवसाआड करोंदला जावं लागे. धान्य, कांदे, बटाटे, पाहुण्यांना पुरेल एवढं सगळं. करोंदच्या मंडीत कमल येण्याची शक्यता नव्हती, आणि ट्रक, बैल, हातगाड्या अशा गर्दीत एक निवृत्त माणूस एक-दोन-तीन-चार करत चालला तर कुणाचं लक्ष जात नाही, असं त्यांना वाटलं. ते चुकीचं होतं. आठवड्याभरात सगळे हमाल त्यांना ओळखू लागले. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेतलेला माणूस थांबून सांगायचा, "बाबूजी, पाँचवें पे घुटना मोड़ो. कल अच्छा मुड़ा था."

बोधनकर फाईल काढून लिहून घ्यायचे.

मंडीत नाच झकास होऊ लागला. सिटी बसच्या थांब्यावरही झकास. बसमध्ये तर कंडक्टरने एकदा वळणावर टाळ्या वाजवल्या. आणि क्लासमध्ये गेलं की सगळं पार कोसळायचं. पाय बरोबर पडायचे, पण हात सुटायचे. डावा आपोआप सलाम ठोकायचा, उजवा खिशात जाडी मोजायचा कॅलिपर शोधायचा. तिसरा क्लास असाच गेला. विनिताने खूप समजावलं, "अंकल, हाथ ढीले सोडा ना. एकदम ढीले." बोधनकरांनी ढिले सोडले. ते पंख्याच्या दोरीसारखे लटकले, आणि त्यांना पाहून बोधनकरांचे पायही थांबले.

चौथ्या क्लासला बस उशिरा आली. ते मंडीतून थेट पोचले तेव्हा घड्याळात एक मिनिट वर झालं होतं. पिशव्या खाली ठेवायला वीस सेकंद गेली असती. बोधनकरांनी ती वाचवली. एका हातात पाच किलो कांदे, दुसऱ्यात पाच किलो बटाटे तसेच ठेवून म्हणाले, "मॅडम, चालू करा."

गाणं लागलं. बोधनकर नाचले.

गाणं संपलं तेव्हा विनिता भिंतीला टेकून उभी होती. खालच्या टायरवाल्याने जिन्यातून डोकं वर काढलं होतं.

"अंकल," ती हळूच म्हणाली, "ये क्या था?"

"का? चुकलं?"

"पिशव्या खाली ठेवा. परत करा."

ठेवल्या. हात सलाम ठोकू लागले. "उचला." उचलल्या. बोधनकर पुन्हा लोण्यासारखे फिरले. "ठेवा." सलाम. "उचला." लोणी. असं सात वेळा झाल्यावर बोधनकर स्वतःच खुर्चीवर बसले.

"मॅडम, चूक माझी आहे. कारखान्यात कुठलंही यंत्र आम्ही भार लावूनच तपासायचो. लोड टेस्ट. इथे मी सगळी चाचणी भारावरच घेतली. रिकामं चालवून पाहिलंच नाही."

"पण संगीतात तर कांदे घेऊन नाही ना जाणार, अंकल?"

बोधनकरांनी यावर जरा जास्तच वेळ विचार केला.

मग उपाय ठरला. भार एकदम काढायचा नाही, उतरवत आणायचा. पाचव्या क्लासला दोन-दोन किलो वांगी, मग अर्धा-अर्धा किलो मटार. सहाव्याला मेथीची एकेक जुडी. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा बोधनकरांच्या दोन्ही हातांत कोथिंबिरीची एकेक काडी होती, आणि ते सुरेख नाचत होते. ती काढली की सलाम.

"चलेगा," विनिता म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "बाहीत लपवा. कुणाला दिसणार नाही. मी येते संगीताला, सामने बैठूँगी. घबराना नहीं."

संगीताच्या दिवशी सकाळी बोधनकरांनी दोन ताज्या काड्या निवडल्या, ओल्या रुमालात गुंडाळल्या आणि नव्या झब्ब्याच्या खिशात ठेवल्या. दुपारी कमलने झब्बा इस्त्रीला काढला. खिशात कोथिंबीर निघाली. कमलच्या घरात कोथिंबीर कुठेही निघाली तरी तिची जागा एकच. जेवताना बोधनकरांनी कढीवर तरंगणारं हिरवं पाहिलं, पण त्यांना ओळख पटली नाही.

ओळख पटली संध्याकाळी सात वाजता, कोलार रोडच्या लॉनवर, खिशात हात घातल्यावर.

खिशात कोरडा रुमाल होता. नीट घडी घातलेला.

तोपर्यंत पर्स जमायला लागल्या होत्या. ते बसले होते एवढंच पुरेसं होतं. सवयीने बायका येत होत्या, ठेवत होत्या, नाचायला पळत होत्या. शेजारच्या शालिनीवहिनींनी तर आपली भलीमोठी लाल पर्स त्यांच्या गळ्यातच घातली. "भाऊजी, हिच्यात माझ्या गोळ्या आहेत हं. जपा." श्रीवास्तवांकडच्या बायकांनीही ही सोय पाहिली आणि रांग लावली. सोळा झाल्या. शेवटी कमल आली. हिरवी पैठणी, केसांत मोगरा. तिने सतरावी ठेवली, दोन पावलं गेली, आणि नेहमीसारखं वळून बघितलं.

तेवढ्यात माईकवरचा मुलगा ओरडला, "और अब, दुल्हन के मम्मी-पापा!"

कमल जागीच थांबली. तिला वाटलं, चुकून म्हणाला. तिने हसून माईकवाल्याला हातानेच 'नाही नाही' केलं, "वो नहीं नाचते."

बोधनकरांनी गळ्यातली पर्स काढली. सगळ्या खुर्चीवर रचल्या. आणि ते उठले.

कमलचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता डोळेही आले. गाणं सुरू झालं. बोधनकर मांडवाच्या मधोमध आले, पहिलं पाऊल टाकलं, आणि डाव्या हाताने सगळ्या श्रीवास्तव खानदानाला कडक सलाम ठोकला.

दोघातिघांनी उलट सलाम केला. उजवा हात खिशात गेला आणि काहीतरी शोधू लागला. मागच्या रांगेत खसखस पिकली. ती पुढे सरकत आली. सायलीने ओठ दाताखाली धरला. पुढच्या खुर्चीत विनिता दोन्ही हातांनी अदृश्य काड्या धरून दाखवत होती. व्याही रवींद्र श्रीवास्तव, ज्यांच्या नाचाची कीर्ती सगळ्या कॉलनीत होती, टाळ्या वाजवताना मध्येच थांबले. आणि कमल, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "राहू द्या हो. उठलात, तेच खूप झालं. बसा."

ते 'बसा' बोधनकरांना लागलं. तिने ते इतक्या प्रेमाने म्हटलं, की पुढची चौतीस वर्षं बसून काढावी लागली असती.

ते वळले आणि खुर्चीकडे चालू लागले. लोकांनी वाट दिली. शालिनीवहिनी म्हणाल्या, "जाऊ दे भाऊजी, प्रत्येकाचं एक काम असतं."

बोधनकर खुर्चीपाशी पोचले. पर्सच्या ढिगाकडे पाहिलं. कारखान्यात एखाद्या यंत्रात नेमकी गडबड सापडली की त्यांच्या भुवया जशा वर जायच्या, तशा गेल्या.

त्यांनी लाल पर्स उजव्या हाताला अडकवली. अजमावली. मग डाव्याला दोन. मग उजव्याला आणखी तीन. खाली पिशवीत असलेली ती जुनी, करड्या रंगाची बेवारस पर्सही काढली, कारण डावी बाजू हलकी भरत होती. अठराही पर्स मनगटापासून कोपरापर्यंत बसल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात जरा वर-खाली केले आणि मान हलवली. दोन्हीकडे पाच-पाच किलो. एखाददुसरा तोळा इकडेतिकडे.

"भैया," ते माईकवाल्याला म्हणाले, "शुरू से."

आणि मग बोधनकर नाचले.

पहिल्या चार ठोक्यांत लॉन गप्प झालं. पाचव्याला त्यांचा गुडघा असा वाकला, की करोंदच्या हमालांनी पोती खाली ठेवली असती. हात सुटले नाहीत, भरकटले नाहीत. पर्स एका लयीत डावीकडे गेल्या, एका लयीत उजवीकडे आल्या, साखळ्या छमछम वाजल्या, टिकल्यांवरून दिव्यांचा उजेड साऱ्या मांडवावर उडाला. ढोलवाल्याने भान हरपून चाल वाढवली. बोधनकरांनी ती पकडली. शालिनीवहिनी खुर्चीवर चढून ओरडल्या, "अगं बाई, माझी पर्स नाचतेय! माझी पर्स!"

"वाह, समधीजी!" श्रीवास्तव किंचाळले.

बोधनकरांनी कमलभोवती चक्कर घेतली. ती तोंडावर हात घेऊन जागच्या जागी फिरत होती, त्यांच्याबरोबर, त्यांच्याकडेच बघत. तिला पहिल्यांदाच मागे वळावं लागत नव्हतं. आठवी स्टेप झाली. आता हात पुढे करायचा.

हात मोकळा नव्हता.

सहा क्लासमध्ये याची चाचणी झाली नव्हती. दोषपत्रकात हा रकानाच नव्हता. बोधनकर एका पायावर, अठरा पर्ससह, एक ठोका थांबले.

कमलने तेवढ्यात पैठणीचा पदर खोचला, त्यांच्या उजव्या हातावरच्या नऊ पर्स एकामागोमाग एक ओढून आपल्या हातावर चढवल्या, आणि मोकळा झालेला तो हात धरला.

बोधनकरांनी तिकडे पाहिलं. हात सलाम ठोकत नव्हता. तो तिच्या हातात होता आणि त्याला दुसरं काही शोधायचं नव्हतं.

"घरी गेल्यावर," कमल नाचता नाचता त्यांच्या कानाशी म्हणाली, "त्या कोथिंबिरीचं मला नीट सांगा."

"कढीत टाकलीस?"

"मग काय पुरून ठेवू?"

गाणं संपलं, पण कुणी संपू दिलं नाही. श्रीवास्तव धावत आले. "समधीजी, दो-तीन हमें भी दीजिए!" त्यांना दोन दिल्या. मग आशिषने एक मागितली. मग सगळा वरपक्षच रांगेत उभा राहिला. तिसऱ्या गाण्याला पर्सशिवाय नाचणारा माणूस ओशाळलेला दिसत होता. पर्स पुरेनात, तेव्हा कुणीतरी केटररकडून रिकामी पातेली आणली.

आणि त्या गोंधळात श्रीवास्तवांच्या वृद्ध मावशी, काठी टेकत, थेट बोधनकरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. बोधनकरांच्या डाव्या हातावरच्या करड्या, मोत्यांच्या झालरीच्या पर्सला त्यांनी बोट लावलं.

"ये मेरा है," त्या म्हणाल्या. "पिपलानी की एक शादी में खोया था. बीस साल हुए."

बोधनकरांनी पर्स दोन्ही हातांनी त्यांना परत केली. आत एक विडा, एक कंगवा आणि कुणा जावयाबद्दल चार कडक ओळींचं, कधीच न टाकलेलं पत्र होतं. मावशींनी विडा तिथल्या तिथे तोंडात टाकला. सगळ्यांनी श्वास रोखला. "ठीक है," मावशी म्हणाल्या, आणि काठी बाजूला टाकून नाचात शिरल्या.

बऱ्याच वेळाने बोधनकर धापा टाकत विनितासमोर आले. कमल मागून ओढतच होती.

"मॅडम, दोष?"

विनिताने डोळे पुसले. दोषपत्रकाचा कोरा कागद तिने खरंच आणला होता. "एकच, अंकल. वो लाल वाली. पट्टा लंबा है, म्हणून बीटच्या जरा मागे होती."

"पुढच्या वेळी गाठ मारतो," बोधनकर म्हणाले आणि वळले.

त्यांच्या खुर्चीपाशी एक नवी पाहुणी, हातात पर्स घेऊन, इकडेतिकडे बघत उभी होती. खुर्ची रिकामी होती. तिने थोडी वाट पाहिली, मग पर्स खांद्याला लावली आणि तशीच नाचायला निघाली.